कोशिंब आणि हिरवेपणाचा आकडा

२०२४च्या मार्चमध्ये माझ्या संगणकावर एक आलेख उमटला. त्याच्यावर विश्वास ठेवायचा, तर भोर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या घरामागचा कोशिंब मरणपंथाला लागला होता. फेब्रुवारीत पाने गळून हिरवेपणाचा आकडा तळाला गेला होता. आता तो वर चढायला हवा होता, पण तळाच्याही खाली चालला होता. त्या दिवशी मी माहेरीच होते. मागच्या पडवीत जाऊन पाहिले तर झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नव्या पालवीने लालभडक झाले होते. आई ताटात तांदूळ निवडत बसली होती. तिला आलेख दाखवला. ती म्हणाली, "अगं, आंधळं आहे का ते? एवढा लाल झालाय तो."

आंधळे नव्हते. मी त्याला फक्त हिरवे पाहायला शिकवले होते.

झाडाला पालवी कधी फुटते, मोहोर कधी येतो, पाने कधी गळतात, यांच्या तारखा नोंदवण्याच्या शास्त्राला फेनॉलॉजी म्हणतात. नाव नवे असले तरी उद्योग जुना आहे. क्योतोच्या चेरीबहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. दरबारी रोजनिशांतून आणि इतिवृत्तांतून त्या गोळा केल्या गेल्या, आणि त्यांच्या आधारेच २०२१चा २६ मार्चचा बहर हा बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा ठरला. इंग्लंडात नॉर्फकच्या रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६पासून वसंताच्या खुणा लिहून ठेवायला सुरुवात केली, आणि त्याच्या घराण्याने ते काम पुढे दोन शतके चालवले. या सगळ्या नोंदी माणसाच्या डोळ्यांनी केलेल्या. त्यांची अडचण उघड आहे. माणूस आजारी पडतो, गावाला जातो, मरतो. शिवाय दोन माणसांचे 'पालवी फुटली' एकच असेल असेही नाही.

कॅमेरा या कामाला लागला तो बऱ्याच उशिरा, आणि काहीसा योगायोगाने. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात बार्टलेट नावाचे प्रायोगिक जंगल आहे. जंगल हवेतून किती कार्बन डाय-ऑक्साइड घेते हे मोजण्यासाठी तिथे एक मनोरा उभारलेला होता. अँड्र्यू रिचर्डसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या मनोऱ्यावर एक साधा वेबकॅम बसवला, झाडांच्या शेंड्यांकडे तोंड करून. त्याच्या चित्रांमधून वसंतातले हिरवे होणे मोजता येते, हे दाखवणारा त्यांचा निबंध २००७मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी 'फेनोकॅम' या जाळ्याची सुरुवात झाली. २०१९मध्ये त्यांनी सर्वांसाठी खुल्या केलेल्या संचात ३९३ कॅमेऱ्यांच्या नोंदी होत्या. दर अर्ध्या तासाला एक चित्र, वर्षानुवर्षे, त्याच झाडांचे, त्याच कोनातून. नेथन जेकब्ज या संगणकशास्त्रज्ञाने तर २००६पासून जगभरच्या हजारो सार्वजनिक कॅमेऱ्यांची चित्रे साठवायला घेतली होती. हे कॅमेरे रस्त्यावरची वाहने किंवा डोंगरावरचा बर्फ बघण्यासाठी लावलेले, पण कोपऱ्यात कुठे तरी झाड असतेच.

आता मोजायचे कसे, ते सांगते. गणित चौथीच्या मुलाला जमेल असे आहे.

डिजिटल चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे साठवलेले असतात : लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक ० ते २५५च्या मध्ये. कोवळ्या पोपटी पानाचा एखादा ठिपका घेऊ. लाल १२०, हिरवा १५०, निळा ७०. नुसता हिरव्याचा आकडा घेऊन भागत नाही, कारण ढग आला की तो निम्म्यावर येतो. समजा ६०, ७५, ३५ झाला. पान तेच आहे, उजेड कमी झाला आहे. म्हणून हिरव्याला तिघांच्या बेरजेने भागायचे. पहिल्या वेळी १५० भागिले ३४०, दुसऱ्या वेळी ७५ भागिले १७०. दोन्हींचे उत्तर ०.४४. ढग गणितातून निघून गेला, पान राहिले. राखाडी खोडाचे तिन्ही आकडे जवळपास सारखे, म्हणून त्याचे उत्तर ०.३३च्या आसपास येते. या भागाकाराला मी माझ्यापुरते 'हरितांक' म्हणते. झाड निष्पर्ण असते तेव्हा हरितांक ०.३३च्या जवळ रेंगाळतो, पालवी फुटली की चढतो, पाने पिकली की उतरतो. चढाच्या मध्यावरची तारीख म्हणजे त्या वर्षीचा वसंत.

अर्थात धुके असते, भिंगावर पाण्याचे थेंब असतात, सकाळचा तांबूस उजेड असतो. त्यावर फेनोकॅमच्या लोकांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. तीन दिवसांतल्या सगळ्या चित्रांचे हरितांक चढत्या क्रमाने मांडायचे आणि शंभरात नव्वदाव्या जागी येईल तो घ्यायचा. सर्वांत वरचा नाही, कारण तो एखादा अपघात असू शकतो. सरासरीही नाही, कारण धुके आणि पाऊस नेहमी आकडा खालीच ओढतात. बाजारात भाजीचा भाव काढताना माझे वडील काहीसे असेच करत, पण ते असो.

तुम्हाला कुणाला हा उद्योग करायचा असेल, तर एक गोष्ट पहिल्या दिवशीच करा : कॅमेऱ्याचा 'ऑटो व्हाइट बॅलन्स' बंद करा. माझे २०२३चे सगळे वर्ष त्यात गेले. जुना मोबाइल प्लास्टिकच्या डब्यात घालून, डब्याला भोक पाडून, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडवर बांधला होता. एरवी आपल्या सोयीसाठी मोबाइल काय करतो, तर चित्रात एखादा रंग फार झाला की तो कमी करून सगळे समतोल दिसेल असे बघतो. लग्नात पिवळ्या दिव्याखाली चेहरे पिवळे येऊ नयेत म्हणून ही सोय. पण झाड लाल झाले की तोच मोबाइल लाल काढून टाकतो, हिरवे झाले की हिरवे. मी जे मोजायला निघाले होते, नेमके तेच तो पुसत होता. फेनोकॅमच्या नियमांत हा समतोल कायमचा एका ठिकाणी बांधून ठेवायला सांगितले आहे. मी ते वाचले होते आणि मोबाइलमध्ये ते कुठे बदलायचे हे न सापडल्याने पुढे ढकलले होते. त्या वर्षीची चित्रे डोळ्यांनी पाहायला चांगली आहेत, पण त्यांतल्या रंगाच्या आकड्यांना अर्थ नाही.

२०२४ला साधा जुना कॅमेरा घेतला, समतोल बांधला, भिंग उत्तरेकडे केले म्हणजे सूर्य सहसा थेट समोर येत नाही, आणि मग तो आलेख निघाला, ज्यात कोशिंब मरत होता.

कोशिंबाची नवी पालवी लाल असते हे वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला माहीत नव्हते असे नाही. पण माहीत असणे निराळे आणि गणितात धरणे निराळे. लाल पानाचा ठिपका समजा १५०, ८०, ६० असा आहे. ८० भागिले २९०, म्हणजे ०.२८. सुक्या खोडापेक्षाही कमी. बार्टलेटच्या मेपलची पाने लाल होतात ती ऑक्टोबरमध्ये, गळण्यापूर्वी. तिथे हरितांक उतरला आणि लाल रंगाचा वाटा वाढला, की समजायचे वर्ष संपत आले. आमच्याकडे तोच उतार आणि तीच लाली म्हणजे वर्षाची सुरुवात. पिंपळाची तांबूस पाने, आंब्याची जांभळट, कोशिंबाची रक्तासारखी. न्यू इंग्लंडच्या जंगलासाठी केलेली मोजपट्टी सह्याद्रीच्या उतारावर जशीच्या तशी लावली, तर आपला वसंत त्यांच्या तक्त्यात शरद म्हणून पडेल. आणि हे तक्ते शोभेचे नाहीत. जंगल पाणी कधी ओढू लागते, कार्बन कधी घेऊ लागते, याची जगाची गणिते उपग्रहांच्या चित्रांवरून होतात, आणि उपग्रहाची नजर खरी आहे का हे तपासायला जमिनीवरचे हे कॅमेरे वापरतात. तपासणाराच चुकला, तर पुढची चूक कोण पकडणार?

पाने लाल का, याचे एक उत्तर पनामाच्या जंगलात काम करणाऱ्या फिलिस कोली आणि थॉमस कुर्सार यांनी मांडले आहे. कोवळे पान किडे-अळ्यांना सर्वांत आवडते. ते पूर्ण वाढून जून होईपर्यंत त्यात महागडे हरितद्रव्य भरायचेच नाही. खाल्ले गेले तरी नुकसान थोडे. हरितद्रव्याविना राहिलेल्या पानात जो लाल रंग दिसतो, तो कडक उन्हापासून आडोसा देतो असेही काही जण मानतात. म्हणजे लाल पान हे अजून कामाला न लागलेले पान आहे, आणि त्या अर्थाने माझा आलेख अगदीच खोटा नव्हता. झाड हिरवे झाले नव्हते, हे त्याने बरोबर सांगितले. झाड मरते आहे, हे मी त्यात वाचले.

असाच घोळ अमेरिकेतही झाला होता, थोडा सौम्य. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये कॅमेऱ्याचा हरितांक वसंतात झपाट्याने चढतो, कळस गाठतो आणि लगेच उतरू लागतो. पाने मात्र त्यानंतरही काही आठवडे वाढत, जाड होत, गडद होत राहतात. कॅमेऱ्याला पोपटी रंग आवडतो. गडद हिरवा त्याला कमी हिरवा वाटतो. हे लक्षात यायला मदत झाली ती तिथल्या जॉन ओकीफ नावाच्या माणसाची. १९९०पासून हा गृहस्थ दर काही दिवसांनी त्याच वाटेने फिरून, खुणा केलेल्या त्याच झाडांपाशी थांबून कळ्या किती उमलल्या, पाने किती वाढली हे लिहीत आला. त्याच्या वह्या नसत्या, तर कॅमेऱ्याचा कळस म्हणजेच पानांचा कळस असे खुशाल धरून चालले असते.

आमच्या घरी असा ओकीफ होता. तो स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलेला असे.

आई गेली चाळीस वर्षे तरी कालनिर्णयच्या चौकोनांत लिहीत आली आहे. 'दूध नाही'. 'सिलिंडर'. 'शेळी व्याली'. आणि मधूनच 'को. लाल', 'पांगारा', 'कोकीळ पहिला'. कुणासाठी नाही. आलेख पाहून तिने त्याला आंधळे ठरवल्यावर मी जुनी कॅलेंडरे शोधायला माळ्यावर चढले. बहुतेक गेली होती. आमच्याच शाळेच्या पुस्तकांना त्यांची कव्हरे घातली होती, उरलेली फडताळात डब्यांखाली. हाती लागली ती एकोणीस वर्षांची, तीही सलग नाहीत. मधली काही वर्षे ती भावाकडे पुण्याला होती.

आई बोलते तिथीने. कोशिंब होळीला लाल होतो, हे तिचे ठाम मत. २०२३ला ती म्हणाली, यंदा उशीर झाला. २०२४ला म्हणाली, घाई झाली. वातावरण बिघडले आहे, टीव्हीवर सांगतात ते खरेच, असेही म्हणाली. मी चित्रे काढून बसले. शेंड्यावर पहिली लाल पालवी २०२३ला ११ मार्चच्या चित्रात, २०२४ला १३ मार्चच्या, २०२५ला १२ मार्चच्या. झाड जागचे हलले नव्हते. हलली होती ती होळी. २०२३ला होळी ६ मार्चला होती, २०२४ला २४ला, २०२५ला १३ला. आपले महिने चंद्राचे. अधिक मासाने ते सूर्याशी पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, तोवर सण तीन-चार आठवड्यांच्या पट्ट्यात मागेपुढे होतात. झाड मात्र चंद्र पाहत नाही. एलियट, बेकर आणि बोर्शर्ट यांनी २००६मध्ये आशियाच्या मोसमी जंगलांविषयी एक निबंध लिहिला. पाऊस यायला महिना-दोन महिने असताना, जमीन कोरडी ठणठणीत असताना ही झाडे पालवी फोडतात ती कशाच्या भरवशावर, हा त्यांचा प्रश्न होता. वाढत्या दिवसाच्या इशाऱ्यावर, आणि मुळांना खोल मातीत उरलेल्या पाण्याच्या जोरावर, हे त्यांचे उत्तर. आमच्या अक्षांशावर मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम एक मिनिटाने वाढतो. तेवढे कोशिंबाला पुरत असावे. एका झाडाच्या तीन वर्षांवरून मी काही सिद्ध करत नाही, पण आईने ज्याला उशीर आणि घाई म्हटले, ती पंचांगाची होती.

तिला हे सांगितले. ती म्हणाली, "मग मी लिहिलंय ते कुठल्या चौकोनात लिहिलंय ते बघ की." आणि खरेच, बोलते ती तिथीने, पण लिहिते तारखेच्या चौकोनात. एकोणीस कॅलेंडरांत एकोणीस तारखा आहेत. मी त्यांचे ठिपके आलेखावर मांडले आहेत. त्यांतून रेघ ओढायचा मोह आवरला आहे, कारण तिचे 'लाल' म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खे झाड लाल दिसणे, आणि माझे 'लाल' म्हणजे शेंड्यावरची पहिली पालवी. दोन्हींत किती दिवसांचे अंतर पडते, हे अजून दोन-चार वर्षे एकाच वेळी मोजल्याशिवाय कळणार नाही. आणखी एक गुंता आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी तिच्या नोंदीत आंब्याची पालवी 'तांबूस' आहे, नंतर 'जांभळी'. पिकलेले भिंग निळा रंग अडवते, तो तिला वर्षानुवर्षे दिसलाच नव्हता. तिचाही व्हाइट बॅलन्स बदलला होता. फरक इतकाच, की तो केव्हा बदलला त्याची तारीख कॅलेंडरावर आहे.

चित्र कसे वाचायचे, हे मग मी पुन्हा पहिल्यापासून शिकले. आधी सगळ्या चौकटीचा एकच हरितांक काढत होते. त्यात कोशिंब लाल, करंज पोपटी, साग उघडा, सगळे एकमेकांत मिसळून उत्तर 'काहीच घडत नाही' असे येई. आता प्रत्येक झाडाभोवती वेगळी चौकट आखते आणि लाल रंगाचा वाटाही वेगळा मोजते. कोशिंबाचा वसंत म्हणजे आधी लाल चढणे आणि मग हरितांकाने वर येणे. या दोन तारखांमधले दिवस म्हणजे पान कामाला लागण्याआधीचा काळ, आणि तो मला कुठल्याही एका तारखेपेक्षा मोलाचा वाटतो. ब्राझीलमध्ये तापाजोसच्या जंगलातल्या मनोऱ्यावरचा कॅमेरा असाच एकेका झाडाचा शेंडा सुटा धरून वाचला गेला. बारमाही हिरव्या दिसणाऱ्या त्या जंगलात कोरड्या ऋतूत नवी पाने येतात आणि ती जून होत जातात तसे जंगलाचे अन्न बनवणे वाढते, हे त्यातून २०१६मध्ये पुढे आले. झाडे दुरून सारखीच हिरवी होती. पानांचे वय निराळे होते.

माझ्या चौकटीतला साग निराळ्या घड्याळावर चालतो. तो मार्च-एप्रिलभर उघडा राहतो आणि पाऊस पडल्यावर मोठाली पाने सोडतो. नेमक्या त्याच वेळी उपग्रहाला ढगांखालचे काही दिसत नाही. टाकीच्या स्टँडवरचा कॅमेरा ढगांच्या खाली आहे, त्यामुळे सागाची तारीख त्याला मिळते. अर्थात भिंगावर कोळ्याने जाळे केले नसेल तर. गेल्या जूनमध्ये दहा दिवस मी एका कोळ्याचे निरीक्षण करत होते, असे नंतर लक्षात आले.

आणि मग कोयता. २०२५च्या जानेवारीत वीजतारांखालच्या फांद्या तोडायला माणसे आली. कुणाला न विचारता कोशिंबाची रस्त्याकडची अर्धी बाजू उतरवून गेली. तोडलेल्या फांद्यांच्या खुंटांतून फेब्रुवारीतच लाल धुमारे आले. आकड्यांत पाहिले तर वसंत जवळजवळ महिनाभर लवकर. असा एखादा आलेख कुणा दूरच्या अभ्यासकाच्या हाती पडला असता, तर त्याने हवामानबदलाच्या खात्यावर तो निमूट जमा केला असता. त्या वर्षाची १२ मार्च ही तारीख मी न तोडलेल्या अर्ध्या बाजूची घेतली आहे, आणि चित्रांच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवली आहे, 'जानेवारीत तोड, पूर्व बाजू' एवढीच. फेब्रुवारीच्या चौकोनात आईनेही लिहिले आहे : 'को. लाल, पण खोटा'.

भारतात 'सीझनवॉच' या उपक्रमात २०१०पासून शाळकरी मुले आणि सामान्य लोक आपापल्या झाडाची दर आठवड्याला नोंद करत आहेत. केरळात तो विशेष रुजला. मला त्याचे महत्त्व कॅमेरा लावल्यावर जास्त कळले. कॅमेरा थकत नाही, पण 'खोटा' हा शेरा त्याच्याकडे नाही.

आता पावसाळा संपल्यावर कॅमेऱ्याच्या भिंगावर आतून बुरशी आली आहे. ती पुण्याहून साफ करून आणायची आहे, पांगारा फुलायच्या आत. नवे कॅलेंडर आले की दोन घ्यायचे ठरले आहे, एक आईच्या खिळ्यावर आणि एक माझ्या टेबलापाशी. शिवाय एक विनंती. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, फडताळात डब्यांखाली अशी लिहिलेली जुनी कॅलेंडरे असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी फाल्गुन-चैत्राची पाने तेवढी एकदा वाचून पाहावीत. दुधाच्या हिशेबात मधेच एखादे झाड निघाले, तर त्या पानाचा फोटो काढून ठेवावा आणि ते झाड अजून उभे आहे का, हे जाऊन पाहावे.